बुडबुड्यांची कुरतड : पाण्याखालच्या झोताविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातल्या जहाजदुरुस्तीवरच्या लेखात एक ओळ होती : ‘कॅव्हिटेशन जेटने, म्हणजे बुडबुडे उठवणाऱ्या पाण्याच्या झोताने, पाण्याखाली धातू कापता येतो.’ त्या ओळीवर बरीच पत्रं आली. ओळ खोटी नव्हती, पण अर्धवट होती, आणि काही वाचक तिच्या भरवशावर खर्च करायला निघाले आहेत असं दिसतं. म्हणून या वेळचं सदर याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : विहिरीत बुडवलेल्या पाइपातून सुटलेली धार हातभर अंतरावर विरून जाते. मग पाण्याखाली पाण्याचा झोत लोखंडाला काय करणार? आणि बुडबुड्यासारखी पोकळ गोष्ट पोलाद कशी खाते?
— डिप्लोमाचा विद्यार्थी, कराड

उत्तर : धार विरते हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट, त्यामुळे बुडलेला झोत आजूबाजूच्या पाण्याला ओढत ओढत आपला वेग गमावतो. नोझलच्या, म्हणजे झोत सोडणाऱ्या तोटीच्या, भोकाच्या पाच-सहा पट अंतरापर्यंतच त्याचा गाभा शाबूत असतो. भोक १.२ मिमी असेल तर जेमतेम ७ मिमी. त्यापुढे नुसत्या धडकेच्या जोरावर फार काही होत नाही.

बुडबुडे नेमके या मरणाऱ्या कडेलाच जन्मतात. पाणी उकळायला उष्णताच लागते असं नाही, दाब पुरेसा उतरला तरी ते उकळतं. ३० अंश सेल्सिअसला हा दाब साधारण ४.२ किलोपास्कल, म्हणजे हवेच्या दाबाचा चोविसावा हिस्सा. २०० बारचा (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) झोत नोझलमधून सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने सुटतो आणि त्याच्या शेजारचं पाणी जवळपास स्थिर असतं. दोघांच्या मधल्या पट्ट्यात भोवरे गरगरतात. भोवऱ्याच्या पोटात दाब कोसळतो आणि तिथे पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुगतात. झोताबरोबर ते पुढे वाहतात, दाब पुन्हा वाढतो तिथे पोचले की मिटतात. सगळी करामत या मिटण्यात आहे.

मोकळ्या पाण्यातला बुडबुडा चारी बाजूंनी सारखा मिटतो. धातूजवळचा तसा मिटू शकत नाही, कारण धातूच्या बाजूने पाणी आत यायला जागा नसते. त्यामुळे समोरची बाजू आत खचते, तिचीच एक सुईसारखी धार होते आणि ती बुडबुड्याला आरपार भोसकून धातूवर आदळते. या धारेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात असतो. पाणी घनावर आदळताना होणारा दाब ढोबळमानाने घनता गुणिले पाण्यातला आवाजाचा वेग गुणिले धारेचा वेग : १००० × १५०० × १००, म्हणजे १५ कोटी पास्कल, म्हणजेच १५०० बार. शिवाय बुडबुडा पूर्ण मिटताना धक्कालहर सुटते ती वेगळीच. साधं पोलाद कायमचं वाकायला सुमारे २५०० बार ताण लागतो. म्हणजे एकेक ठोसा पोलादाच्या सहनशक्तीच्या आसपासचा, आणि असे ठोसे एकाच ठिकाणी लाखोंनी बसतात. हाताने न तुटणारी तार आपण मागेपुढे वाकवून तोडतो. पृष्ठभागाचे कण तसेच थकून निघतात.

हे नुकसान आधी माहीत झालं, उपयोग नंतर सुचला. चार्ल्स पार्सन्सची ‘टर्बिनिया’ ही टर्बाइनवर चालणारी बोट १८९४च्या चाचण्यांत अपेक्षित वेग घेईना, कारण तिचा पंखा पाण्याऐवजी या पोकळ्यांतच फिरत होता. लॉर्ड रॅले यांनी मिटणाऱ्या पोकळीतल्या दाबाचं गणित १९१७ साली मांडलं. डिझेल इंजिनाच्या लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या अस्तर-नळीला, पाण्याच्या बाजूने पडलेली टाचणीएवढी भोकं तुमच्या वर्कशॉपमध्ये कधी ना कधी आलीच असतील. ती पाहिलीत तर हा सगळा विषय डोळ्यांनी पाहिल्यासारखा होईल.

प्रश्न : बार्जच्या बुडाची १० मिमी प्लेट एका जागी सडली आहे. बार्ज वर न चढवता पाण्यातच तेवढा तुकडा कापायचा आहे. आमच्याकडे २०० बारचा वॉशिंग पंप आहे. कॅव्हिटेशन नोझल लावलं तर एक मीटर कापायला किती वेळ लागेल?
— बार्जदुरुस्ती करणारे वाचक, वास्को

उत्तर : या पंपाने ते काम होणार नाही. गणित करून पाहा. एक मिलिमीटर रुंदीचा काप, १० मिमी खोल, एक मीटर लांब, म्हणजे १० घनसेंटीमीटर पोलाद, सुमारे ७८ ग्रॅम. बुडबुड्यांनी होणारी झीज मिलिग्रॅममध्ये मोजतात. समजा मिनिटाला १० मिलिग्रॅम निघाले, आणि हा आकडा उदार हाताने धरला आहे, तरी ७८०० मिनिटं लागतील. म्हणजे १३० तास. एवढा वेळ पाण्याखाली गन एका रेषेत कोण धरणार?

दुसरी अडचण अशी की सुरुवातीला काहीच निघत नाही. पृष्ठभाग आधी खडबडीत होतो, कडक होतो, सूक्ष्म तडे जातात, आणि मग कण सुटू लागतात. या सुरुवातीच्या टप्प्याला सुप्त काळ म्हणतात. शुद्ध ॲल्युमिनियमला तो फार थोडा असतो, स्टेनलेसला लांबतो, स्टेलाइटसारख्या मिश्रधातूला तर खूपच लांबतो. झोत सतत हलत राहिला तर कुठल्याच बिंदूचा सुप्त काळ संपत नाही आणि पोलाद नुसतं धुऊन निघतं.

दाब वाढवला तर? फरक पडतो, आणि झपाट्याने पडतो. झीज झोताच्या वेगाच्या चौथ्यापासून नवव्या घातापर्यंत वाढल्याचं वेगवेगळ्या प्रयोगांत आढळतं. सहावा घात धरला तर दाब दुप्पट केल्यावर वेग १.४ पट आणि झीज आठपट. पण आठपट झाली तरी १३० तासांचे १६ तासच होतात. पाण्याखाली जाड पोलाद झोताने कापायचं असेल तर पाण्यात गार्नेट या कठीण खनिजाची पूड मिसळावी लागते. मग कापणारा गार्नेटचा कण असतो, बुडबुडा नव्हे. कारखान्यातलं नेहमीचं ॲब्रेसिव्ह, म्हणजे अशी पूड मिसळून कापणारं, मशीन ३८०० बारच्या आसपास चालतं. त्यात ०.३५ मिमीचं ओरिफिस (पाणी सुटण्याचं भोक), १ मिमीची नळी, मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास पाणी आणि ३५० ते ४५० ग्रॅम ८० मेशचं (बारीक वाळूसारखं) गार्नेट लागतं. १० मिमी साध्या पोलादात ते मिनिटाला १०० ते २०० मिमी सरकतं. मीटरभर कापायला पाच ते दहा मिनिटं. हे आकडे हवेत कापतानाचे आहेत. पाण्याखाली नोझल धातूला जवळजवळ टेकवून चालवावं लागतं, आणि अंतर दोन-चार मिलिमीटर वाढलं तरी काप उथळ होतो.

पण तुमच्या पत्रात याहून महत्त्वाची एक गोष्ट राहून गेली आहे. बार्ज तरंगत असताना बुडाची प्लेट कापली तर त्या कप्प्यात पाणी शिरणार. बाहेरून घट्ट बसणारी, पाणी अडवणारी कॉफरडॅमची पेटी लावल्याशिवाय आणि क्लासच्या, म्हणजे जहाजं तपासणाऱ्या संस्थेच्या, सर्व्हेयरने मान्यता दिल्याशिवाय या कामाला हात लावू नका. झुआरी-मांडवीच्या काठी स्लिपवे (बार्ज पाण्याबाहेर ओढून घेण्याचे उतार) असताना १० मिमी प्लेटसाठी बार्ज वर चढवणंच स्वस्त आणि सुरक्षित. तुमच्या २०० बारच्या पंपाचा उपयोग त्याआधी होईल : सडलेल्या भागाभोवतीचे शिंपले, गंज आणि सुटलेला रंग काढून प्लेट उघडी करा आणि अल्ट्रासॉनिक गेजने जाडी मोजून घ्या. सडलेला भाग नेमका किती मोठा आहे, हे आधी कळेल.

प्रश्न : खोली वाढली की कॅव्हिटेशन जेट निकामी होतो असं इथले जुने डायव्हर सांगतात. किती खोलीवर? काही नियम आहे का?
— ऑफशोअर डायव्हिंग सपोर्टमध्ये काम करणारे वाचक, दोहा

उत्तर : नियम आहे आणि तो कागदाच्या चिटोऱ्यावर करता येतो. नोझलबाहेरच्या पाण्याचा निरपेक्ष दाब (त्यातून वाफेचा दाब वजा, पण तो इतका लहान की सोडून दिला तरी चालतो) भागिले नोझलच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक. या भागाकाराला कॅव्हिटेशन अंक म्हणतात.

समजा नोझलवर २०० बारचा फरक मिळतो. दर १० मीटरला एक बार धरा. दोन मीटर खोलीवर बाहेरचा दाब १.२ बार, अंक ०.००६. वीस मीटरवर ३ बार, अंक ०.०१५. पन्नास मीटरवर ६ बार, अंक ०.०३. शंभर मीटरवर ११ बार, अंक ०.०५५.

आता या अंकाचा अर्थ. अंक वाढतो तसा बुडबुड्यांचा ढग आखूड होत नोझलच्या तोंडाशी येतो, आणि शेवटी उठतच नाही. पण अंक फार लहान असणंही चांगलं नाही. बुडबुडा मिटवायला बाहेरचा दाबच लागतो. तो कमी पडला तर ढग मोठा दिसतो, पण ठोसा हलका बसतो. सर्वाधिक मारा ०.०१ ते ०.०३ या टापूत मिळतो. याचा अर्थ असा की २०० बारच्या गनला वीस मीटरचं पाणी दोन मीटरपेक्षा जास्त मानवतं. तुमच्या जुन्या डायव्हरांचा अनुभव पन्नास मीटरच्या पलीकडचा असणार आणि तिथे तो खरा आहे. शंभर मीटरवर वीस मीटरसारखाच अंक हवा असेल तर ७०० बारहून जास्त फरक लागेल. तेवढ्यासाठी पंप, होज, गन सगळंच वेगळ्या वर्गातलं घ्यावं लागतं.

खोलीबरोबर आणखी एक गोष्ट सांभाळायची : नोझल ते धातू हे अंतर कमी करत न्यायचं. पाच मीटरवर जे अंतर उत्तम होतं ते चाळीस मीटरवर ढगाच्या पलीकडे गेलेलं असतं. डायव्हर म्हणतो गन चालत नाही, आणि गन तर ठीक असते.

पंप डेकवर ठेवला म्हणून खोलीमुळे दाब कमी पडत नाही, कारण होजमधल्या पाण्याचं वजन बाहेरच्या पाण्याची बरोबरी करतं. खरी गळती घर्षणात होते. १०० मीटर लांबीच्या ८ मिमी आतल्या व्यासाच्या होजमधून मिनिटाला ३० लिटर पाणी सोडलं तर शंभराहून जास्त बार होजमध्येच जिरतात. तेच पाणी अर्धा इंची होजमधून पाठवलं तर साधारण १२-१३ बार. डेकवरच्या गेजवर २०० दिसतात आणि नोझलवर ९० पोचतात, अशी अवस्था जाड होज ओढायचा कंटाळा केल्यामुळे येते.

प्रश्न : आमच्या पॉलिटेक्निकमध्ये अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कॅव्हिटेशन जेटचा छोटा रिग उभारायचा आहे. काय काय लागेल आणि काय चुकतं?
— मेकॅनिकलचे अधिव्याख्याते, सांगली

उत्तर : हा प्रोजेक्ट मुलांना जरूर द्या. थोड्या पैशात पंप, प्रवाह, धातुशास्त्र आणि मोजमाप, सगळं हाताखालून जातं.

पंप तीन प्लंजरचा, २०० बार, मिनिटाला १५ लिटर. पाण्यातली शक्ती दाब (बारमध्ये) गुणिले प्रवाह (लिटरमध्ये) भागिले ६०० : २०० × १५ ÷ ६०० = ५ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता धरून १० एचपीची थ्री-फेज मोटर घ्या. साडेसातची चालेल असं दुकानदार सांगेल, पण ती सतत काठावर चालेल. पंपाच्या तोंडाशी अनलोडर व्हॉल्व्ह (जास्तीचं पाणी परत वळवणारा) आणि त्याशिवाय स्वतंत्र सेफ्टी व्हॉल्व्ह हवा. दाबाचा गेज पंपाजवळ नव्हे, नोझलच्या अलीकडे फूटभर अंतरावर बसवा.

नोझल तुम्हीच बनवा. स्टेनलेसच्या तुकड्यात १.२ मिमी भोक, लांबी भोकाच्या तिप्पट, म्हणजे साडेतीन मिमीच्या आसपास. आत शिरण्याची कड अगदी धारदार असली पाहिजे. नेहमीच्या वॉशिंग नोझलची कड मुद्दाम गोलवलेली असते, कारण तिथे बुडबुडे नको असतात. इथे उलट. ड्रिल मारल्यावर कडेला राहिलेला बर, म्हणजे धातूचा कंगोरा, बारीक ऑइलस्टोनने काढा, पण काढताना कड गोल होऊ देऊ नका. हे भोक २०० बारला मिनिटाला साडेनऊ लिटरच्या आसपास पाणी घेईल, उरलेलं अनलोडरमधून परत जाईल. नोझलच्या तोंडापुढे भोकाच्या साधारण आठपट व्यासाची आणि तेवढ्याच लांबीची मोकळी नळी जोडली तर ढग अधिक जोरकस होतो. पहिल्या फेरीत ती नको, दुसऱ्या फेरीत लावून फरक मोजा. मुलांना तुलनेसाठी आयता विषय मिळेल.

नोझलवर मागे येणारा धक्का सुमारे ३ किलोचा. कमी वाटतो, पण क्लॅम्प सैल असेल तर अंतर दोन मिलिमीटरने सरकतं आणि सगळे आकडे बिघडतात.

टाकी ५०० लिटरची, एका बाजूला जाड ॲक्रिलिकची खिडकी. मोटरची जवळजवळ सगळी शक्ती शेवटी पाण्यात उष्णता होऊन उतरते, त्यामुळे तापमान तासाला आठ-नऊ अंशांनी चढतं. थर्मामीटर लावा आणि प्रत्येक फेरी ठरावीक तापमानालाच घ्या, कारण गरम पाण्यात झीज बदलते. पंपाकडे जाणारं पाणी झोतापासून दूरच्या कोपऱ्यातून, मधे आडवी पट्टी टाकून आणि १० मायक्रॉनच्या फिल्टरमधून घ्या. पट्टी नसेल तर हवेचे बारीक फुगे पंपात ओढले जातात. वाफेचा बुडबुडा झटक्यात मिटतो, हवेचा फुगा मिटत नाही आणि उशीसारखा ठोसा झेलतो. टाकी दुधासारखी पांढरी झाली की थांबा, हवा बसू द्या.

नमुन्यासाठी शुद्ध ॲल्युमिनियम घ्या, २५ मिमी चौरस. पोलादावर सुरुवात केलीत तर सत्र संपेल आणि तराजूचा काटा हलणार नाही. ६०० ग्रिटच्या कागदावर घासा, अल्कोहोलने पुसा, वाळवा, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या तराजूवर तोला. मग अंतर १० मिमीपासून ५० मिमीपर्यंत पाच-पाच मिलिमीटरने वाढवत प्रत्येक अंतराला नवा नमुना, दोन मिनिटं. आलेखावर बहुधा दोन उंचवटे दिसतील. जवळचा झोताच्या थेट धडकेचा, लांबचा बुडबुड्यांचा. घाईत मोजणारे पहिला उंचवटा पाहून थांबतात आणि दुसरा हातचा घालवतात.

नमुना बाहेर काढल्यावर दहापट भिंगाखाली पाहा. मधोमध, झोत जिथे सरळ बसतो, तिथे चकाकी बरीचशी तशीच असते. त्याच्याभोवती मळकट, टाचण्या टोचल्यासारखं कडं दिसतं. बुडबुडे झोताबरोबर येतात, पृष्ठभागावर पसरतात आणि कडेला जाऊन मिटतात, म्हणून झीज कड्याच्या आकाराची. जिथे पाण्याचा मार सर्वांत जास्त तिथे खूण सर्वांत कमी, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की धडक आणि कॅव्हिटेशन यांतला फरक पुन्हा शिकवावा लागत नाही.

निकाल दिवसेंदिवस घसरू लागले तर आधी नोझल काढा. धारदार कड झिजून गोल झालेली असते. त्याची खूण अशी : पंप तोच, अनलोडर तोच, पण नोझल पूर्वीपेक्षा जास्त पाणी घेतं आणि आवाजातला करकरीतपणा जातो. मोजणीची पद्धत शास्त्रशुद्ध हवी असेल तर एएसटीएम जी १३४ हे मानक याच चाचणीसाठी आहे.

प्रश्न : उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की आमच्या पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येतो. हेच का ते?
— शेतकरी वाचक, सिन्नर

उत्तर : हेच. पंप जितक्या उंचीवरून पाणी ओढतो तितका इंपेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) तोंडाशी दाब उतरतो. कागदावर ओढ सव्वादहा मीटरपर्यंत जाते, पण व्यवहारात सहा-सात मीटरच्या वर गेलात की बुडबुडे उठतात आणि इंपेलर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा होतो. पंप खाली उतरवा, फूट व्हॉल्व्हची जाळी साफ करा, सक्शन पाइप एक माप मोठा घ्या. सक्शनच्या बाजूचा व्हॉल्व्ह अर्धवट मिटून पाणी कमी करू नका, त्याने त्रास वाढतो. कमी करायचंच तर डिलिव्हरीच्या बाजूने करा.

प्रश्न : रशियाची ‘कुर्स्क’ पाणबुडी समुद्रतळावर झोताने कापली होती ना? ते कॅव्हिटेशन होतं का?
— वाचक, ठाणे

उत्तर : झोताने भोकं पाडली हे खरं, पण तो गार्नेटसारखी घासणारी पूड मिसळलेला ॲब्रेसिव्ह झोत होता. कुर्स्क १२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात १०८ मीटर खोलीवर बुडाली, ११८ जण गेले. २००१च्या उन्हाळ्यात तिच्या पाठीवर २६ भोकं पाडून प्रत्येकात एकेक उचल-केबल अडकवली आणि ८ ऑक्टोबरला ती तळावरून उचलली.

वरच्या हिशेबाने पाहा : १०८ मीटरवर बाहेरचा दाब जवळपास १२ बार, आणि कापायचं ते आत सुमारे ५ सेंटीमीटर जाड पोलादी कवच. नुसत्या बुडबुड्यांचं ते काम नव्हेच. गॅस किंवा विजेची कापणी का नाही? पहिलं म्हणजे आत स्फोटकं होती आणि ॲब्रेसिव्ह झोताने आच लागत नाही. दुसरं, बाहेरच्या पातळ कवचावर रबराचा थर होता, मग मोकळी जागा, मग जाड कवच. ॲब्रेसिव्ह झोताला रबर आणि पोलाद दोन्ही सारखेच. पुढचा भाग, जिथे न फुटलेले टॉर्पेडो असण्याची भीती होती, तो उचलण्याआधीच करवतीसारख्या केबलने लांबून कापून तिथेच ठेवला. हत्यार कामानुसार निवडायचं म्हणजे काय, ते या एका कामात दिसतं.

ॲब्रेसिव्ह झोताची एक किंमत मात्र मोजावीच लागते. मिनिटाला काही शे ग्रॅम गार्नेट पाण्यात उतरत राहतं. समुद्रात ते वाहून जातं, बंद टाकीत साठतं. अमेरिकेतल्या मेन यांकी अणुवीज केंद्राचे अंतर्भाग पाण्याखाली याच पद्धतीने कापताना पाणी गढूळ होणं आणि किरणोत्सारी पूड गोळा करत बसणं ही मोठी डोकेदुखी ठरली. अशा जागी नुसत्या पाण्याने काम भागत असेल तर ते शोधण्यात खरोखर अर्थ आहे.

प्रश्न : डायव्हरसाठी ही गन किती धोक्याची? पाण्याखाली धार विरतेच, मग इजा कशी होईल?
— डायव्हिंगचं प्रशिक्षण घेणारा वाचक, मालवण

उत्तर : धार पाच-सहा व्यासांनंतर विरू लागते, पण तुमचा हात त्याआधीच आला तर? चामडीवर टाचणीएवढं भोक पडतं, रक्तही फारसं येत नाही, आणि आत पाणी, घाण, जंतू स्नायूंच्या थरांत दूरवर पसरलेले असतात. असं झालं तर बँडेज लावून पुन्हा पाण्यात उतरू नका. ही शस्त्रक्रियेची तातडीची वेळ आहे. थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि तिथे पहिल्याच वाक्यात सांगा की जास्त दाबाचं समुद्राचं पाणी आत शिरलं आहे. बाहेरून जखम इतकी क्षुल्लक दिसते की न सांगितल्यास डॉक्टरही फसू शकतात.

गनच्या मागच्या धारेकडे तितकंच लक्ष हवं. २०० बारला २ मिमी नोझल मिनिटाला सुमारे २६ लिटर पाणी फेकतं आणि सुमारे ९ किलोचा धक्का मागे देतं. पाण्यात तरंगणाऱ्या माणसाला तो सावरणं कठीण, म्हणून गनच्या मागच्या तोंडातून तितकीच धार उलट दिशेने सोडतात. तुमच्या खांद्यामागे कोण आहे, तुमची हवेची नळी कुठे लोंबकळते, हे ट्रिगर दाबण्याआधी पाहायचं. मागचं नळकांडं कापून गन आखूड करणारे महाभाग आहेत. अशी गन हातात घेऊ नका.

ट्रिगर हात सुटताच बंद होणारा असावा, आणि तो दोरीने बांधून ठेवणं म्हणजे सुरक्षा काढून टाकणं. दाब डायव्हरने मागितल्यावरच चढवायचा, आणि बोलण्याची लाइन तुटली की वरच्या माणसाने विचारत न बसता तो उतरवायचा. कानांचं विसरू नका : बुडबुडे मिटण्याचा आवाज पाण्यात थेट डोक्याच्या हाडांतून पोचतो. जाड हूड किंवा हेल्मेट घाला आणि पाळ्या आखूड ठेवा.

प्रश्न : कॅव्हिटेशन जेटने बोटीचं बूड साफ करताना तो धातूही खाईल का? आणि हाच झोत धातू मजबूत करतो असंही ऐकलं, ते कसं?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : गन हलती ठेवली तर धातू खात नाही. शिंपल्यांची कवचं ठिसूळ असतात, पहिल्या काही क्षणांतच तडकून सुटतात. त्याखालचा रंग टिकतो की जातो हे त्याच्या पकडीवर अवलंबून. आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहा. पंख्याच्या पातळ कडांवर आणि गंज स्वतःवर घेणाऱ्या झिंकच्या पट्ट्यांवर एका जागी थांबू नका. निघालेल्या रंगात विषारी अँटिफाउलिंग (शिंपले-शेवाळ धरू न देणारं द्रव्य) असतं, म्हणून बंदरात हे काम परवानगीशिवाय करू नये.

मजबूत करण्याची गोष्टही खरी आहे, आणि ती त्याच सुप्त काळावर उभी आहे. त्या काळात कण निघत नाहीत, पण प्रत्येक ठोशाने पृष्ठभाग किंचित दबतो, आणि दबलेला थर आतल्या धातूच्या पकडीत सापडून दाबाखाली राहतो. वेल्डच्या शेजारी धातू ताणाखाली असतो आणि तिथेच गंज व ताण मिळून तडे जातात. तो ताण उलटवून दाबात बदलला की तडा सुरू व्हायला जागाच राहत नाही. जपानमध्ये अणुभट्ट्यांच्या आतल्या वेल्डवर पाणी न उपसता ही प्रक्रिया केली जाते, आणि तोहोकू विद्यापीठात हितोशी सोयामा यांनी कॅव्हिटेशन पीनिंगवर, म्हणजे अशा ठोशांनी पृष्ठभाग दाबून मजबूत करण्यावर, दीर्घकाळ काम केलं आहे. शॉट पीनिंगसारखे छर्रे नाहीत, त्यामुळे आत काही मागे राहण्याची भीती नाही. हे करताना त्या धातूचा सुप्त काळ आधी नमुन्यावर मोजून घेतात आणि त्याच्या बऱ्याच आत झोत पुढे सरकवतात. तराजूने घट दाखवली तर तो तुकडा बाद समजतात आणि नव्या नमुन्यावर झोताचा वेळ पुन्हा बसवतात.